उजनी धरण: सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि 'मायनस' म्हणजे नेमकं काय

दरवर्षी दोनदा माझा फोन थांबत नाही. एकदा जुलै-ऑगस्टमध्ये, "उजनी भरलं का रे?" आणि एकदा मार्च-एप्रिलमध्ये, "अरे मायनसमध्ये गेलं म्हणतात, आता काय?" विचारणारे पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेले मित्र, पाहुणे, सोलापुरात राहणारे नातेवाईक. मी करमाळा तालुक्यातला, बॅकवॉटरच्या काठचा. आमचं जुनं गाव धरणात गेलं आणि उरलेली शेती त्याच धरणाच्या पाण्यावर चालते, त्यामुळे या पाण्याकडे रोज बघणं आलंच. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून टाकतो.

उजनी मायनसमध्ये गेलं म्हणजे कोरडं पडलं का?

नाही. हे सगळ्यात आधी डोक्यातून काढा. उजनी शून्य टक्के असतं तेव्हा त्यात जवळपास ६३.६६ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट, हिशोब पुढे आहे) पाणी असतं. शून्याला! महाराष्ट्रातली कितीतरी धरणं काठोकाठ भरली तरी तेवढी होत नाहीत.

धरणाचे दोन हिस्से धरायचे. खालचा मृतसाठा, ६३.६६ टीएमसी. त्याच्यावरचा उपयुक्त साठा, ५३.५७ टीएमसी. दोन्ही मिळून ११७ च्या वर. पेपरात जे टक्के येतात ते फक्त वरच्या ५३.५७ चे असतात, म्हणजे एक टक्का म्हणजे साधारण अर्धा टीएमसी. वरचा हिस्सा संपला की आकडा शून्य, आणि खालच्या साठ्याला हात लागला की मायनस सुरू.

२०२३ ला पाऊस कमी झाला, धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरलं, आणि २०२४ च्या उन्हाळ्याच्या शेवटी ते वजा साठच्या जवळ गेलं. हिशोब करून बघा, साठ टक्के म्हणजे ३२ टीएमसी, ते मृतसाठ्यातून वजा झालं तरी ३१ च्या वर शिल्लक होतं. पण शिल्लक होतं म्हणजे कुणाच्या हाताला लागत होतं असं नाही, ते पुढे येईलच.

मग शून्याची रेघ एवढ्या वर कशाला ठेवली?

कालव्यामुळे. धरणातून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात आणि त्यातलं पाणी मोटारीने नाही, उताराने पळतं, पार पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ, दक्षिण सोलापूरपर्यंत. एवढ्या लांब उताराने पाणी न्यायचं म्हटल्यावर कालव्याचं तोंड धरणाच्या भिंतीत चांगलं उंचावर ठेवावं लागतं. आणि वरून नद्या गाळ आणतात, त्याला बसायला खाली जागा लागते. म्हणून तळाचा एवढा साठा 'मृत' धरला.

मृत हा शब्द मला कधीच पटला नाही. कालव्याच्या दृष्टीने ते पाणी मृत असेल. काठावर मोटारी टाकून बसलेल्यांना, मासे धरणाऱ्यांना, सोलापूर शहराला उन्हाळ्यात तेच पाणी जगवतं. शून्याची रेघ कालव्यासाठी आखलेली आहे, माणसांसाठी नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी उजनीच्या निम्म्या बातम्या नीट कळायला लागतात.

आणि १११ टक्के? शंभराच्या वर कसं जातं?

दरवाजे बंद ठेवून पाणी ठरलेल्या पातळीच्या थोडं वर घेता येतं. शंभर टक्क्यांवर ११७ टीएमसी, १११ टक्क्यांवर एकूण १२३ टीएमसीच्या आसपास. पावसाळा सरत आल्यावर वरून येणारं पाणी कमी होतंय असं दिसलं की तेवढं भरून घेतात. ऑगस्टमध्येच १११ ला नेऊन ठेवलं आणि वरून एकदम लोंढा आला तर सोडायला उसंत मिळत नाही, त्यामुळे "आत्ताच का सोडताय, नदीला वाया घालवताय" असं म्हणण्याआधी दौंडचा आकडा, म्हणजे वरून धरणाकडे किती पाणी येतंय तो, बघायचा.

टीएमसी आणि क्युसेक यांचा मेळ कसा घालायचा?

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी, लिटरमध्ये साधारण २,८३२ कोटी. हा साठा झाला. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट, लिटरमध्ये २८ च्या थोडं वर. हा वेग झाला.

एकच आकडा पाठ करा: ११,५७४ क्युसेकने सलग चोवीस तास पाणी आलं की एक टीएमसी भरतो. म्हणजे दौंडला एक लाख क्युसेक चालू असेल आणि दिवसभर तसाच टिकला तर साडेआठ टीएमसीच्या वर पाणी आलं, उजनी एका दिवसात सोळा टक्के वाढलं. आमच्याकडे चौथीपाचवीतली पोरंसुद्धा हा हिशोब तोंडी करतात, पावसाळ्यात पारावर दुसरा विषयच नसतो.

आमच्याकडे थेंब नाही आणि उजनी भरतंय, हे कसं?

उजनी सोलापूरच्या पावसावर भरतच नाही. ते भरतं सह्याद्रीच्या पावसावर. भीमा भीमाशंकरला उगम पावते, तिला तुळापूरला इंद्रायणी मिळते, पुढे मुळा-मुठा, मग घोड. या सगळ्या नद्यांवर वर वीसेक धरणं आहेत: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, पवना, चासकमान, भामा आसखेड, डिंभे, माणिकडोह, येडगाव, घोड वगैरे. आधी ती भरणार, मग त्यांचे सांडवे सुटणार, मग ते पाणी दौंडला येणार, मग आमच्याकडे. त्यामुळे जून कोरडा गेला तरी आम्ही लगेच हातपाय गाळत नाही. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं अशी बातमी आली की इकडे जीव भांड्यात पडतो.

पाणी वाढताना बघितलंय का कधी? लाटबिट काही नसते. संध्याकाळी काठावर एक दगड नजरेत धरून ठेवायचा, सकाळी तो दगड नसतो. पाणी गढूळ, त्यावर काटक्या, प्लास्टिकच्या बाटल्या, जलपर्णीचे पुंजके. त्या गढूळ पाण्यात हात घालून लोक नमस्कार करतात.

धरण कधीचं, केवढं?

१९६० च्या दशकात सुरुवात, १९८० ला पूर्ण. माढा तालुक्यात उजनी गावाजवळ, भीमेवर. भिंतीची लांबी अडीच किलोमीटर, सांडव्याला ४१ दरवाजे. जलाशयाचं नाव यशवंतसागर. पुणे-सोलापूर हायवेने जाताना भीमानगरपाशी भिंत दिसते. १२ मेगावॅटचा वीजप्रकल्पही आहे. पाणी मात्र सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत पसरलंय, करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत.

पंढरपूरला पूर येतो तो उजनीच्या चुकीमुळे का?

एवढं सोपं नाहीये ते. उजनीच्या खाली, नीरा नरसिंहपूरला, नीरा नदी भीमेला मिळते. नीरेवर वीर धरण आहे आणि त्याच्या वर भाटघर, नीरा देवघर. म्हणजे पंढरपूरच्या वाळवंटात जे पाणी चढतं ते उजनी अधिक वीर अधिक मधला पाऊस. उजनीने दरवाजे खाली घेतले आणि वीरने उघडले तरी चंद्रभागा वाढते. दोघांनी एकदम सोडलं की घाटावरच्या पायऱ्या गेल्या आणि पुंडलिकाच्या मंदिराला पाण्याने वेढा घातला. म्हणून पंढरपुरात नातेवाईक असतील तर दोन आकडे बघायचे, उजनीचा आणि वीरचा. एकावर भरवसा ठेवायचा नाही.

आणि उलटंही असतं. आषाढीला वारकऱ्यांच्या स्नानासाठी चंद्रभागेत पाणी लागतं आणि त्या वेळेला उजनी बऱ्याचदा मायनसमध्ये असतं, तरी सोडतात. त्याला इकडच्या काठावरचा एकही माणूस कधी नाही म्हणाला नाही.

सोलापूर शहराला पाणी द्यायला एवढे टीएमसी का सोडावे लागतात?

मला यात सगळ्यात जास्त जीव तुटतो. उजनीपासून सोलापूरपर्यंत एक पाइपलाइन आधीपासून आहे, पण शहराची तहान तेवढ्यावर भागत नव्हती, म्हणून उरलेलं पाणी भीमा नदीतून सोडायचं आणि ते वाहत वाहत पार कर्नाटकच्या हद्दीजवळ औज बंधाऱ्यात पोचलं की टाकळीवरून उचलायचं. नदी वळणं घेत जाते, मधे कोरडं वाळूचं पात्र, ते आधी पाणी पिणार, मग ऊन पिणार, मग दोन्ही काठांच्या मोटारी, मग मधले बंधारे भरणार, आठ-दहा दिवसांनी शेवटाला पाणी पोचणार. शहराला लागतं थोडं, सोडावं लागतं पाच-सहा टीएमसी, तेही वर्षातून अनेकदा. पाच टीएमसी म्हणजे उजनीचे नऊ टक्के.

मधल्या गावांना त्या पाण्याचा आधार होतो हे खरं, त्यांच्या प्यायच्या योजना नदीवरच आहेत. पण शहरासाठी म्हणून सोडलेलं पाणी वाटेत जिरणं हा तोटाच. त्यासाठी दुसरी समांतर पाइपलाइन टाकली गेली आणि ती पूर्ण ताकदीने चालावी असं इथल्या प्रत्येकाला मनापासून वाटतं.

पाणी नक्की कुणाचं?

प्यायचं पाणी पहिलं, यावर वाद नाही. त्यानंतर मात्र रांग मोठी आहे. कालव्याचं लाभक्षेत्र आहे. भीमा-सीना जोडकालव्याच्या बोगद्यातून सीनेत पाणी जातं. सीना-माढा, दहिगाव अशा उपसा योजना आहेत. मराठवाड्यासाठीची उपसा योजना आहे. आणि काठावर आमच्यासारख्यांच्या हजारो मोटारी. २०२१ ला इंदापूरकडे पाच टीएमसी नेण्याचा आदेश निघाला तेव्हा सोलापूर जिल्हा पेटून उठला आणि तो आदेश मागे घ्यावा लागला, पुढच्या वर्षी लाकडी-निंबोडी योजनेच्या मंजुरीवरून परत तेच.

इंदापूरचा शेतकरी माझा शत्रू नाही. समोरच्या काठावर आमच्या आत्याचं घर आहे. पण प्रत्येक नवी योजना कागदावर येताना धरणात पाणी जणू रोज शंभर टक्के असतं असं धरून येते, आणि कमी पावसाच्या वर्षी सगळे एकाच भांड्याभोवती उभे राहतात. त्यात ऊस. सोलापूर जिल्ह्याइतके साखर कारखाने राज्यात दुसरीकडे नाहीत. मीही ऊस लावतो, त्यामुळे दुसऱ्याला नावं ठेवत नाही. ऊस वाळला तरी काहीतरी हाताला येतं, त्याला गिऱ्हाईक ठरलेलं असतं, कांद्याचं तसं नाही. ठिबक केलं तेव्हापासून माझं पाणी खूप कमी लागतं, हे मात्र आवर्जून सांगेन, पाटाने भिजवणाऱ्याने एकदा करून बघावं.

आवर्तन म्हणजे काय, ते कोण ठरवतं?

कालव्याला पाणी सोडायची पाळी. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, साठा बघून रब्बीला किती, उन्हाळ्याला किती ते ठरतं. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचतं का हा जुना प्रश्न आहे, वरच्यांनी चाऱ्या फोडल्या की खालचा बसला कोरडा.

काठावरच्यांना काय अडचण, पाणी तर दारात आहे?

पावसाळ्यात दारात असतं. मार्चनंतर ते रोज मागे सरकतं, कारण उजनी पसरट आहे, काठाला उतार कमी, पातळी एक फूट उतरली की पाणी कितीतरी लांब जातं. त्यात उन्हाळ्याचं बाष्पीभवन.

म्हणजे काय होतं बघा. मोटार पाण्यात, तिथून केबल आणि पाइप वर शेतापर्यंत. पाणी सरकलं की मोटार उघडी पडते. मग सगळं पुढे न्यायचं. चार-पाच जणं मिळून जातो, लाइट रात्रीची असेल तर रात्री, डोक्याला बॅटरी. काठावर वरून सुकलेला गाळ दिसतो, भेगा पडलेला, पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत. मोटार दोरखंडाने ओढायची, पाइपाचे वीस फुटी तुकडे खांद्यावर, प्रत्येक सरकण्याला आणखी दोन-तीन तुकडे जोडायचे, केबलला जोड द्यायचा, आणि ओल्यात करंटची भीती वेगळी. पाणी फारच लांब गेलं की पोकलेन लावून चर खोदायचा आणि चरातून पाणी मोटारीपर्यंत आणायचं. २०२४ ला मी सात वेळा मोटार हलवली. नवीन पाइप, केबल, पोकलेनचं भाडं धरून माझ्या केळीच्या पिकात काय उरलं असेल ते शेतकऱ्याला विचारायला नको. पाणी वाचवायचं म्हणून शेतीच्या विजेचे तासही कमी केले जातात, म्हणजे मोटार पाण्यात असून लाइट नाही.

म्हणून "अजून तीस टीएमसी आहे की" असं लांबून म्हणणाऱ्याला एवढंच सांगतो, ते पाणी दिसतं, हाताला लागत नाही.

गाळपेर म्हणजे काय?

पाणी ओसरल्यावर जी जमीन उघडी पडते तिच्यात घेतलेलं पीक. खालच्या ओलीवर येतं. पाणी लवकर वाढलं की पीक बुडतं, ती जोखीम आपली.

उजनीचं पाणी हिरवं का दिसतं? वासही येतो.

वर पुणे आणि पिंपरी-चिंचवड आहे. तिथलं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत येतं आणि सगळं आमच्या धरणात साचतं, वाहून जायला दुसरी वाटच नाही. सांडपाण्यातल्या खतासारख्या घटकांवर शेवाळ आणि जलपर्णी पोसतात, म्हणून उन्हाळ्यात पाणी कमी झालं की हिरवा तवंग जास्त दिसतो. हातपाय धुतले की खाज सुटते. आमच्या लहानपणी ओंजळीने पाणी प्यायचो, आता काठावरच्या गावांत जार येतात. धरणाच्या काठी राहून विकतचं पाणी प्यायचं, याचं दुःख शब्दांत सांगता येत नाही. पुण्यातल्या मित्रांना हात जोडून विनंती आहे, तुमच्या वॉर्डातल्या मैलापाणी शुद्धीकरणाच्या प्लँटचं काय चाललंय ते विचारत जा. आम्ही खाली आहोत.

मासे कोणते मिळतात?

चिलापी सगळ्यात जास्त, मग कटला, रोहू, मरळ, वाम. भिगवणचा मासळी बाजार प्रसिद्ध आहे, हायवेवरच्या धाब्यांवर फ्राय खायला लांबून लोक येतात. बारीक आसाच्या वडाप जाळ्यांनी पिल्लंसुद्धा ओढून नेली जातात, त्यावर बंदी असून ते थांबलेलं नाही, आणि त्यात मरण होतं ते साध्या जाळ्याने धरणाऱ्या भोई बांधवांचं.

फ्लेमिंगो कधी बघायला यायचं?

डिसेंबर ते मार्च. कुंभारगाव, डिकसळ, भिगवणच्या आसपास. पण तारखेपेक्षा पाण्याची पातळी बघा. फ्लेमिंगोला उथळ पाणी आणि चिखल लागतो, धरण तुडुंब असेल तर ते उशिरा येतात किंवा थोडे येतात. सकाळी सहाला बोटीत बसायचं, सोबत चित्रबलाक, पट्टकादंब, बगळे, शिकारी पक्षी, सगळे दिसतात. फोटोसाठी थव्यात बोट घालायला नावाड्याला सांगू नका, ते उडाले की त्यांचं खाणं मोडतं.

बोटीने जाणं सुरक्षित आहे का?

लाइफ जॅकेट नसेल तर बसू नका. विषय संपला. २१ मे २०२४ ला कुगाववरून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, त्यात लहान लेकरंही होती. आमच्याकडे बोट ही हौस नसते, समोरच्या काठाला जायला रस्त्याने मोठा वळसा पडतो म्हणून माणसं बसतात. डिकसळचा ब्रिटिशांच्या काळातला पूल, ज्यावरून आधी रेल्वे जायची आणि धरणामुळे रेल्वेमार्ग हलवल्यावर रस्त्यावरच्या गाड्या जायला लागल्या, तोही थकलेला. कुगाव-शिरसोडी पूल मंजूर झालाय, तो लवकर उभा राहो. दुपारनंतर आभाळ भरून आलं की पाणी दहा मिनिटांत बदलतं, वैशाखात तर हमखास.

पाणी उतरलं की जुनी देवळं, गावं दिसतात म्हणे?

हो. इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर आहे, दगडी, कोरीव, एरवी पाण्यात असतं आणि उजनी खोल मायनसमध्ये गेलं की उघडं पडतं. तेव्हा दर्शनाला गर्दी होते. कुगावचा इनामदारांचा वाडाही तसाच वर येतो. जाणाऱ्यांनी वर चढू नये, चिरे सुटलेत.

आमच्या गावाचं नाव कुणी घेत नाही कारण तिथे असं बघण्यासारखं काही नव्हतं. २०२४ ला आज्जीला घेऊन गेलो होतो. गाळातून वाट काढत, मधे दोनदा खुर्चीवर बसवून. तिने मारुतीच्या पारापासून बोटाने मोजत नेलं, हे सुताराचं, हे भावकीतलं, हा बोळ, आणि एका जागी थांबून म्हणाली हा आपला उंबरा. जोत्याचे चार दगड आणि एक फुटका रांजण. ती खाली बसली आणि पदराने त्या दगडावरचा गाळ पुसायला लागली. टक्के तिला कळत नाहीत. उन्हाळ्यात ती मला एवढंच विचारते, "पार उघडा पडला का रं?" त्यावरून तिला पाणी किती उतरलं ते समजतं.

धरणग्रस्तांना जमिनी मिळाल्या ना?

काहींना मिळाल्या, काहींना मिळाल्या पण लांब आणि हलक्या, काहींचे कागद अजून फिरतायत. आमच्या आजोबांची नदीकाठची काळी जमीन गेली आणि मोबदल्यात मिळाली ती मुरमाड, गावापासून इतकी लांब की कसायला कुणी जाऊ शकलं नाही. दाखला काढायला वडील एका कार्यालयात कित्येक वर्षं खेटे घालत होते, दर वेळी एक कागद कमी. तुमच्या घरात धरणग्रस्ताचा दाखला असेल तर लॅमिनेशन करू नका, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि चार झेरॉक्स वेगवेगळ्या घरांत ठेवा, पोरांच्या नोकरीच्या अर्जाला लागतो.

रोजचा आकडा बघताना काय काय बघू?

टक्का शेवटी बघा. आधी एकूण साठा टीएमसीमध्ये, मग दौंडचा विसर्ग, मग धरणातून नदी, कालवा, बोगदा आणि उपसा योजनांना किती जातंय ते. येणारं जास्त की जाणारं, एवढं कळलं की पुढच्या आठवड्याचा अंदाज तुम्हालाच येईल. आणि मायनस दिसलं तर त्यात ६३.६६ मिळवून बघा, पण आधी टक्क्यांचे टीएमसी करून घ्या, नाहीतर गफलत होते.